वार खाली असणे

गरोदरपणात वार गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडाजवळ चिकटलेली असण्याची अवस्था. वारेची कड तोंडापासून २० मिमीच्या आत असून तोंड मोकळे असेल तर रिपोर्टात ‘लो लाइंग प्लासेंटा’ लिहितात. तोंडच झाकले असेल तर ‘प्लासेंटा प्रिव्हिया’.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत ही गोष्ट बहुधा पाचव्या महिन्याच्या अनॉमली स्कॅनमध्ये कळते आणि घर धसका घेते. बहुतेकींच्या बाबतीत तो अनाठायी असतो. पुढे गर्भाशयाचा खालचा भाग लांबतो, त्यासरशी वारेची कड तोंडापासून दूर जाते; दहातल्या सुमारे नऊ जणींची वार अशी आपसूक वर जाते. म्हणून ३२व्या आठवड्याला पुन्हा सोनोग्राफी, तरीही खालीच असेल तर ३६व्याला. योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी सर्वांत अचूक, आणि सुरक्षितही.

झोपून राहून, पाय उशीवर ठेवून वार चढत नाही. रक्त गेले नसेल तर लोकलच्या धक्क्यांनी ती उतरतही नाही; पण डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीत शिरल्यावर रक्त जाऊ लागले तर उतरणेच मुश्कील, हा विचार वेगळा. न दुखता लालभडक रक्त जाणे ही धोक्याची मुख्य खूण. ते थांबले तरी रुग्णालय गाठावे (रुग्णवाहिका १०८), रक्तगट आर-एच निगेटिव्ह असल्यास तसे सांगावे. वारेची जागा कळेपर्यंत बोटाने आतली तपासणी करत नाहीत.

आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीची वार जुन्या व्रणावर असेल तर ती स्नायूत रुतली नाही ना, हे पाहावेच लागते. खरी भीती इथे.

वार २० मिमीपेक्षा दूर गेली तर नैसर्गिक प्रसूतीला आडकाठी नाही. ११ ते २० मिमीच्या दरम्यान डॉक्टर एकेकीचे पाहून ठरवतात. तोंड झाकलेले असेल तर साधारण ३६-३७ आठवड्यांत सिझेरियन. पहिलटकरणीला माहेरी पाठवण्याची रीत असली, तरी ३२व्या आठवड्याचा रिपोर्ट हाती येण्याआधी गावाचे तिकीट काढू नये. वार खालीच राहिली, तर रक्तपेढी आणि नवजात अतिदक्षता विभाग हाताशी असलेले रुग्णालय आधीच ठरवावे. महापालिकेच्या दवाखान्यात नाव असेल तर कुठे पाठवणार, हे तिथेच विचारून घ्यावे. ठाणे महापालिकेचे मोठे रुग्णालय म्हणजे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. वार चिकटलेला गर्भाशयाचा खालचा भाग नीट आवळत नसल्याने प्रसूतीनंतरही रक्त जास्त जाऊ शकते. तेव्हा लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वेळेत वाढवावे आणि रक्त देऊ शकणारे दोन-तीन नातेवाईक सांगून ठेवावेत.