ट्रायथलॉन आधी छोटीच होती

स्प्रिंट ट्रायथलॉन पूर्ण केली असं सांगितलं की नाशिकमध्ये पहिला प्रश्न येतो, "म्हणजे हाफ आयर्नमॅन का?" नाही म्हटलं की, "त्याच्याहून पण लहान?" आणि लगेच, "मग फुल कधी?" मागच्या हिवाळ्यात ७५० मीटर पोहून, २० किलोमीटर सायकल चालवून आणि ५ किलोमीटर धावून घरी आलो, तेव्हापासून हा संवाद माझ्या वाट्याला बऱ्याचदा आलाय. ऑफिसातला एक मित्र तर स्प्रिंटला आयर्नमॅनचं ट्रायल व्हर्जन म्हणाला. विनोद जमला होता, पण त्यातला इतिहास उलटा होता.

आपल्या डोक्यात क्रम असा असतो: खरी ट्रायथलॉन म्हणजे आयर्नमॅन. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, वर अख्खी मॅरेथॉन. मग ज्यांना तेवढं झेपत नाही त्यांच्यासाठी ती कापून हाफ केली, आणखी कापून ऑलिम्पिक, आणि अगदीच नवशिक्यांसाठी स्प्रिंट. प्रत्यक्षात ही गोष्ट सुरू होते ती खालच्या टोकाकडून.

१९७४ साल. कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो शहर. अमेरिकेत जॉगिंगचं वेड नुकतंच पसरत होतं. जॅक जॉन्स्टन नावाचा एकेकाळचा कॉलेजचा जलतरणपटू आता धावायला लागला होता. डेव्हिड पेन नावाच्या एका वकिलाने आपल्या वाढदिवसानिमित्त 'आधी पळा, मग पोहा' अशी एक शर्यत सुरू केली होती. तीत जॉन्स्टनने भाग घेतला, त्याला मजा आली आणि अशा आणखी शर्यती हव्यात असं वाटू लागलं. (वाढदिवसाला केक कापायचा सोडून मित्रांना समुद्रात उतरवणारा माणूस मला फार आवडलाय.) सॅन डिएगो ट्रॅक क्लबकडे विचारणा केल्यावर त्याला सांगण्यात आलं की डॉन शनाहन नावाच्या आणखी एका सदस्याच्या डोक्यातही असलंच काहीतरी चाललंय, त्याच्याशी बोल. शनाहन म्हणाला, सायकलही घालू. जॉन्स्टन आयुष्यात कधी सायकलच्या शर्यतीत उतरलेला नव्हता, तरी तो हो म्हणाला.

२५ सप्टेंबर १९७४, बुधवार. हो, बुधवार. लोक कामधंदा आटपून संध्याकाळी मिशन बे नावाच्या खाडीवर जमले. प्रवेश फी एक डॉलर. एकूण धावणं ६ मैल, पण सलग जास्तीत जास्त २.८ मैल. सायकल ५ मैल, एका दमात. पोहणं सगळं मिळून ५०० यार्ड, सलग फार तर २५०. धावण्याचा काही भाग गवतावर आणि वाळूत, अनवाणी. सायकल ज्याची त्याने आणायची.

हे आकडे मी किलोमीटरमध्ये करून पाहिले. बेरीज येते साधारण १८ किलोमीटर. आजच्या स्प्रिंटची बेरीज पावणेसव्वीस. म्हणजे ट्रायथलॉन या नावाने झालेली पहिली शर्यत आजच्या स्प्रिंटपेक्षाही लहान होती. त्याआधी फ्रान्समध्ये १९२० च्या दशकात तीन खेळ जोडलेल्या शर्यती होत असत, पण हे नाव आणि आजचा सिलसिला सुरू झाला तो मिशन बेपासून.

त्या संध्याकाळी ४६ जण आले. शेवटचे लोक पाण्यात असतानाच अंधार पडला, तेव्हा काठावर मोटारी आणून त्यांचे हेडलाइट पाण्याकडे वळवले गेले. आज ट्रायथलॉनमध्ये पोहणं सगळ्यात आधी असतं ते उगाच नाही. दमलेला माणूस सायकलवरून उतरू शकतो, धावताना फुटपाथवर बसू शकतो. पाण्यात बसायला जागा नसते.

त्या ४६ जणांत जॉन कॉलिन्स हा नौदलातला अधिकारी होता आणि त्याची बायको ज्युडी. पुढे त्यांची बदली हवाईला झाली. तिथे एका बक्षीस समारंभात वाद रंगला: जास्त फिट कोण, पोहणारे की धावणारे? कॉलिन्सने सायकलवाल्यांची बाजू मांडली आणि तोडगाही सुचवला. होनोलुलूत आधीपासून होणाऱ्या तीन मोठ्या शर्यती एकाच दिवशी एकामागोमाग करायच्या. जो पहिला येईल तो आयर्नमॅन. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण निघाले, १२ पोहोचले. गॉर्डन हॉलर पावणेबारा तासांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनीसांकडचं पाणी वाटेत संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली.

म्हणजे आयर्नमॅन ही छोट्या शर्यतीची पैजेपोटी वाढवलेली आवृत्ती. मग मूळ गोष्ट मागे का पडली? माझ्या मते टीव्हीमुळे. फेब्रुवारी १९८२ च्या आयर्नमॅनमध्ये ज्युली मॉस ही विद्यार्थिनी सगळ्या बायकांच्या पुढे असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली. उठली, पुन्हा कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून जिंकली आणि मॉस रांगत रांगत रेषेपार गेली. ती दृश्यं अमेरिकाभर दिसली. बुधवारी संध्याकाळी एक डॉलर देऊन पोहणाऱ्या लोकांची अशी फिल्म कोण दाखवणार? तेव्हापासून ट्रायथलॉन म्हटलं की लोकांना रांगणारा माणूस आठवतो. लिंक्डइनवर तर तो अजूनही रोज रांगतोय.

छोटं अंतर मात्र शांतपणे चालू राहिलं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या शर्यतींतून १.५, ४० आणि १० किलोमीटर हे माप रुळलं, १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि २००० साली सिडनीत ट्रायथलॉन ऑलिम्पिकमध्ये आली तीही याच मापाने. स्प्रिंट त्याच्या बरोबर निम्मी. टोकियोत मिश्र रिले आली, तिथे एकेकाच्या वाट्याला जेमतेम ३०० मीटर पोहणं होतं.

आता नाशिक. आपल्याकडे हे तिन्ही खेळ वेगवेगळे आधीपासून आहेत, त्यांची एकमेकांशी ओळख तेवढी नाही. धावण्याचं सांगायला नकोच. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावायला लागली, नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्याकडे घडली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरचं कांस्य मिळवलं. सायकलचं वारं अलीकडचं. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी दोघांच्या संघात 'रेस अक्रॉस अमेरिका' ही साधारण ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. दोन वर्षांनी नाशिकलाच नेमणूक असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पार केली. गंमत म्हणजे ही शर्यत सुरू होते ओशनसाइडहून, आणि ते गाव सॅन डिएगो जिल्ह्यातच आहे. मिशन बे तिथून सायकलने एका सकाळचं अंतर. त्र्यंबक रोडला रविवारी पहाटे आज जे हेल्मेटधारी काका-काकू दिसतात, त्यांच्यामागे महाजन बंधूंचा वाटा मोठा आहे.

अडतं ते पाण्यापाशी. गोदावरीला आपण गंगा म्हणतो, कुंभमेळ्याला लाखो लोक तिच्यात बुडी मारतात, रामकुंडावरची पोरं नाण्यांसाठी सूर मारतात. पण माझ्या आयटीतल्या निम्म्या मित्रांना पोहता येत नाही. आजोबांच्या पिढीत पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलून द्यायचे. ती पद्धत गेली, विहिरी बुजल्या आणि तिच्या जागी जे आलं ते सगळ्यांपर्यंत पोहोचलं नाही. पालिकेचा सावरकर तरण तलाव आहे, काही खासगी तलाव आहेत. पण बॅचची वेळ, फी आणि "या वयात कुठे पोहायला जाणार" हे वाक्य, तिन्ही ओलांडावी लागतात.

स्प्रिंटमध्ये पोहणं एकूण अंतराच्या तीन टक्केसुद्धा नाही. माझी तयारी मात्र जवळजवळ सगळी तिथेच खर्ची पडली. श्वास सोडायचा पाण्यात आणि घ्यायचा बाहेर, एवढं अंगवळणी पडायला सहा आठवडे गेले. शर्यतीच्या दिवशी पहिल्या शंभर मीटरमध्ये कोणाचा तरी पाय माझ्या चष्म्यावर बसला आणि शिकलेलं सगळं विसरून मी गावठी बेडूक पद्धतीने पुढे गेलो. त्यावर कोणाची हरकत नव्हती. ट्रायथलॉनच्या नियमांत कुठलाही हात चालतो. सायकल माझी साधी गिअरची, तिच्यावर मी पुष्कळ लोकांना पुढे जाऊ दिलं. उतरल्यावर पहिला एक किलोमीटर पाय माझे नव्हतेच. मांड्यांत कोणीतरी दगड भरल्यासारखं वाटत होतं. मग ते हळूहळू विरघळलं आणि शेवटचे दोन किलोमीटर मी चक्क मजेत धावलो. रांगावं लागलं नाही. दुपारी घरी जेवलो, सोमवारी सकाळी दहाच्या मीटिंगला हजर होतो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भारतातली पहिली हाफ आयर्नमॅन झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातून गोव्याला जाणाऱ्यांची रांग लागलीय. त्यांचं कौतुक आहेच, माझे दोन मित्रही त्यात आहेत. पण त्या शर्यतीसाठी लागणारी सायकल, प्रवास, हॉटेल आणि फी यांचा हिशेब केला तर अनेकांचा महिन्याचा पगार संपतो. सावरपाड्यातल्या पोरीला, किंवा वर्षभर ओव्हरटाइम करणाऱ्या सातपूरच्या कामगाराला हा खेळ करून बघायचा असेल तर त्याला मिशन बेसारखं काहीतरी लागेल: कामाच्या दिवशीची संध्याकाळ, नाममात्र फी, हाताशी असेल ती सायकल, आणि उजेड असेपर्यंत आटपेल एवढं अंतर.

आमच्या सकाळच्या बॅचला बावन्न वर्षांच्या एक काकू येतात. मार्चमध्ये त्या कठडा सोडत नव्हत्या. मी त्यांना मिशन बेची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "ते अडीचशे यार्ड म्हणजे आपल्या तलावाच्या किती लेंथ रे?" आमचा तलाव २५ मीटरचा. मी हिशेब करून सांगितलं, नऊ. त्यांच्या आता सहा होतात.