सह्याद्रीचे आजोळ

लोहगड-विसापूरचा काळा पाषाण ही मावळची ओळख. भूशास्त्रज्ञ मानतात की, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतभूमी उत्तरेकडे सरकताना भूगर्भातील एका तप्त स्रोतावरून गेली आणि लाव्ह्याचे थर साचून दख्खन घडले. तोच स्रोत आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे. तिथला २६३२ मीटर उंचीचा 'पितों द ला फुर्नेझ' अजून धगधगतो. त्याच बेटावर, सें-देनी शहरात, गुजरातेतून गेलेल्या मुसलमानांची मशीद १९०५ साली उभी राहिली.

'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. लोहगडाला विचारला, तर त्यालाही समुद्रापारचेच गाव सांगावे लागेल. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांबांवर यवन दात्यांची नावे आहेत. त्या पाषाणाने त्यांचे यवनपण लपवले नाही आणि त्यांचे खांबही परके मानले नाहीत.