ताटातला दुष्काळ

दिवाळीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या सोलापुरात पुष्कळ घरी एकच प्रकार घडतो. लाडू, करंज्या, शंकरपाळे यांची ताटे बैठकीत येतात आणि जवळजवळ तशीच आत परत जातात. मग घरातले एखादे वडीलधारे माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन हळूच विचारते, "भाकरी आहे का गं एखादी?" असतेच. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर तेलाची धार किंवा कवडीभर दही, एवढे पोटात गेले म्हणजे सण पचल्यासारखा वाटतो.

बाहेरगावच्या पाहुण्यांना ही आमची चैन वाटते. ते पुडे बांधून घेऊन जातात. पण ह्या भाकरीचा जन्म काही चैनीत झालेला नाही. पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग विस्तवाच्या कडेला उभी करून तिच्यातला ओलावा पार जाऊ द्यायचा. अशी भाकरी कितीतरी दिवस टिकते. जळण एकदाच लागते, आणि बाईमाणसाला शेतावर किंवा गिरणीत जायला सकाळ मोकळी मिळते. 1877 साली इथली पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे पहाटेच्या भोंग्याबरोबर निघणाऱ्या कामगारांच्या फडक्यात हीच भाकरी असे. भोंगे थांबले, भाकरी राहिली.

तिचे मूळ मात्र गिरणीहून फार जुने, आमच्या मातीत आहे. जिल्ह्यात पाऊस वर्षाकाठी वीस-बावीस इंच, तोही बेभरवशाचा. बराचसा पडतो तो उत्तरा-हस्ताच्या सुमारास. काळी जमीन ते पाणी पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर थंडीतला शाळू उभा राहतो. माणसाला दाणा, गुराला कडबा. चांगल्या सालचे धान्य वाईट सालासाठी जमिनीखालच्या पेवात उतरवीत. पेव उघडल्यावर आधी दिवा खाली सोडायचा आणि तो विझला तर आत उतरायचे नाही, ही सावधगिरी जुन्या माणसांच्या अंगवळणी पडलेली होती. साठवण हा आमच्या खाण्याचा पहिला संस्कार.

पण साठवलेले धान्य कोणाचे? मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा घरोघरी ठाऊक आहे. बेदरच्या बादशहाचे कोठार त्यांनी दुष्काळात रयतेला उघडून दिले आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बादशहाचा हिशेब चुकता केला. कीर्तनात आपण देवाच्या त्या थैलीपाशी गहिवरतो. मला त्या कथेतली दुसरीच गोष्ट छळते. लोक उपाशी होते तेव्हा कोठार भरलेले होते.

चारशे वर्षांनंतर तेच घडले. 1876 ते 78 च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा अतिशय पोळला. आगगाडी 1860 सालीच इथवर आली होती, म्हणजे धान्य हलवता येत नव्हते असे नाही. ते विकत घ्यायला लोकांच्या हाती पैसा नव्हता. सरकारी कामांवर मजुरी मिळे. सर रिचर्ड टेंपल यांनी 1877 च्या आरंभी तिचे माप ठरवले, मोठ्या पुरुषास दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे जुन्या मापाने अर्ध्या शेरालाही किंचित कमीच. कोणत्याही गृहिणीला विचारा, त्याच्या चार-पाच भाकरी होतील. तेवढ्यावर दिवसभर माती उपसायची. मद्रासेकडील डॉ. कॉर्निश यांनी हे माप अपुरे असल्याचे बजावले. इकडे दख्खनेतील कामांवरून हजारो लोक उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. भुकेल्या माणसाने मिळते तेवढे अन्नही झिडकारावे, ह्यात केवढी जिद्द आहे! टेंपलसाहेब मात्र त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

1972 चा दुष्काळ माझ्या आजीच्या वाट्याला आला. तेव्हा उपासमारीने माणसे मरू द्यायची नाहीत असा सरकारचा निर्धार होता, आणि 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा पक्का होऊन 1979 साली अमलात आला. ह्या हकिकतीत अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. आजी खडी फोडायला जाई. रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो मिळे. तिची भाकरी थापताना कडेने फाटे. "पोट भरलं, पण दारं लावून खाल्ली," एवढेच आजी सांगे. शाळू पिकवणाऱ्या घराला त्या तांबड्या भाकरीची लाज वाटली होती.

पुढे बरे दिवस आले, तरी रात्री निजण्यापूर्वी आजी दुरडीतल्या भाकऱ्या मोजी. वीसच्या खाली आकडा गेला की तिला झोप लागत नसे. आम्ही हसत असू. ती गेली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. मुलांनी तिच्याच हातची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

आता चित्र उलटले आहे. आमच्या लहानपणी पोळी सणाची आणि भाकरी रोजची होती. उजनीचे पाणी आले, ऊस आला, द्राक्षे आली. शाळूचे रान आटले. रेशनचा गहू-तांदूळ 2023 पासून फुकट मिळतो आणि मालदांडी शाळू बाजारात कित्येकदा गव्हाहून महाग असतो. त्याच 2023 साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष साजरे केले आणि डॉक्टरांनी भाकरी सांगितलेली सुखवस्तू मंडळी शाळू शोधू लागली.

सुट्टी लागण्यापूर्वी मी वर्गात विचारले, दिवाळीत कोण काय खाणार? कोणी चकली म्हणाले, कोणी अनारसे. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "भाकरी, गुरुजी." वर्ग हसला. घरी रोज चपातीच असते, भाकरी आईला परवडत नाही, असे त्याने सरळपणे सांगितले. आजोळी मंगळवेढ्याला मामाचे थोडे रान आहे आणि तिथे अजून शाळू होतो. पाडव्याला तो तिकडे जाणार होता, आणि येताना आजी डबा भरून देईल म्हणून रिकामा डबा त्याने आधीच पिशवीत घालून ठेवला होता.