३५ मिलिमीटरची चौकट आणि नागपूरचा उजेड

छायाचित्रणाच्या व्यवसायात ज्या चौकटीला 'फुल फ्रेम' म्हणतात ती ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असते, आणि तिचा उगम चित्रपटाच्या फिल्ममध्ये आहे. जर्मनीतील लाइट्झ या कारखान्यात काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांनी १९१३च्या सुमारास ३५ मिलिमीटर रुंदीची ही फिल्म कॅमेऱ्यात आडवी सरकेल आणि चित्रपटाच्या दोन चौकटींइतक्या जागेत एक स्थिरचित्र उमटेल अशी रचना केली. पुढे १९२५मध्ये तो कॅमेरा 'लायका' या नावाने बाजारात आला. भारतातील लग्नसमारंभांचे छायाचित्रण बराच काळ मोठ्या रोलफिल्मवर होत असे, आणि तिच्या एका रोलमध्ये फक्त १२ चौरस चित्रे निघत. ३५ मिलिमीटरच्या एका रोलमध्ये ३६ चित्रे मिळू लागली, तेव्हा व्यवसायाचे गणितच पालटले. त्याबरोबर छायाचित्रकारांच्या हाताला एक मोजमापही बसले: २४ मिलिमीटरची लेन्स किती रुंद दृश्य सामावते, ५० मिलिमीटरची किती, १३५ मिलिमीटरची किती, हे कॅमेरा डोळ्याला न लावताच सांगता येई.

हे मोजमाप डिजिटल कॅमेऱ्यांनी मोडले. फिल्मच्या जागी आलेला सेन्सर, म्हणजे प्रकाशाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारी सिलिकॉनची चकती, आकाराने जितका मोठा तितका अवाजवी महाग पडतो, कारण सिलिकॉनच्या एका थाळीतून मोठे तुकडे कमी निघतात आणि थाळीवरच्या एखाद्या दोषामुळे वाया जाणारा भागही मोठा असतो. म्हणून परवडणाऱ्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत (आरशातून वळवलेले लेन्समधील दृश्य थेट डोळ्याला दाखवणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांत) सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरचा लहान सेन्सर बसवला गेला, आणि त्याने जुन्या लेन्सच्या दृश्याच्या कडा छाटल्या. नागपुरात ही छाटणी कुठे जाणवते हे पाहायचे असेल, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीचा विचार करावा. काळ्या मारबतीची परंपरा १८८१पासूनची आणि पिवळ्या मारबतीची १८८५पासूनची सांगितली जाते. जुन्या नागपुरातील अरुंद रस्त्यांवरून मारबतींचे आणि बडग्यांचे उंच पुतळे गर्दीतून पुढे सरकत असताना छायाचित्रकाराला मागे सरकायला जागाच नसते. अशा ठिकाणी २४ मिलिमीटरची लेन्स लहान सेन्सरवर ३६ मिलिमीटरच्या लेन्सइतकेच दृश्य देते, आणि पुतळा तरी सुटतो किंवा त्याभोवतीची माणसे तरी सुटतात.

जुनी चौकट परत मिळवून देण्याचे मोठे श्रेय कॅननच्या २००५मधील ५डी या कॅमेऱ्याला द्यावे लागते, आणि २००८च्या निकॉन डी७००लाही. परंतु अमेरिकेत ३,३०० डॉलरच्या घरात असलेली ५डीची किंमत मध्यम आवाक्याच्या व्यावसायिकाला सहज पेलणारी नव्हती. तो उंबरठा ओलांडला गेला सप्टेंबर २०१२मध्ये, जेव्हा निकॉनचा डी६०० आणि कॅननचा ६डी हे दोन कॅमेरे एकाच महिन्यात, सुमारे २,१०० डॉलर किमतीचे म्हणून जाहीर झाले. यांनाच 'प्रवेशपातळीचे फुल फ्रेम' म्हटले गेले. ही संज्ञा काहीशी दिशाभूल करणारी आहे, कारण सेन्सरच्या बाबतीत हे कॅमेरे नवशिक्यांसाठी बेतलेले मुळीच नव्हते. काटकसर केली गेली ती सेन्सरभोवतीच्या यंत्रणेत, आणि या वर्गाचे गुणदोष त्या काटकसरीतच शोधावे लागतात.

गुणांचा पाया क्षेत्रफळात आहे. फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर भरते, निकॉनच्या लहान सेन्सरचे सुमारे ३६७. म्हणजे तेवढ्याच उजेडात, तेवढ्याच वेळात मोठा सेन्सर सव्वादोन पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो आणि अंधाऱ्या भागात दिसणारा रंगीत खरखरीतपणा, ज्याला व्यवसायात 'नॉइज' म्हणतात, त्या मानाने घटतो. गोधूलीच्या मुहूर्तावरच्या लग्नात याचे मोल सर्वांत अधिक असते. मावळता उजेड, मांडवातले पिवळे दिवे आणि चित्रीकरणाचा पांढरा झोत असा बेमेळ प्रकाश असताना फ्लॅशच्या कोरड्या झगझगाटाशिवाय चेहऱ्यांचे खरे रंग टिपता येणे, ही या कॅमेऱ्यांनी सामान्य व्यावसायिकाच्या हाती दिलेली मोठी देणगी होय. फिल्मच्या काळात रंगीत छायाचित्रांसाठी ४०० संवेदनक्षमतेची (आयएसओ) फिल्म ही वापरातली नेहमीची वरची पायरी असे. डी६००ची नियमित मर्यादा ६,४०० आणि ६डीची २५,६०० होती.

त्याच मांडवात दोषही उघडे पडतात. डी६००मधील स्वयंचलित फोकसची यंत्रणा निकॉनने लहान सेन्सरच्या डी७०००वरून घेतली होती, त्यामुळे तिचे ३९ बिंदू मोठ्या चौकटीच्या मध्यभागी दाटीने बसले. ६डीला तर अकराच बिंदू होते आणि त्यांपैकी फक्त मधला आडव्या व उभ्या अशा दोन्ही रेषा ओळखणारा. मात्र हा मधला बिंदू चांदण्याइतक्या उजेडातही फोकस धरू शके, आणि तेवढ्या एका बाबतीत तो आपल्याहून महाग कॅमेऱ्यांच्याही पुढे होता. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो आणि अक्षता पडतात तो प्रसंग क्षणाचा असतो. वर आणि वधू चौकटीच्या दोन कडांना उभे असतात, मध्ये असतो तो नुकताच रिकामा झालेला अवकाश. अशा वेळी मधल्या बिंदूवर फोकस धरून कॅमेरा बाजूला वळवावा लागतो, आणि मोठ्या सेन्सरवर सुस्पष्टतेची खोली मुळातच उथळ असल्यामुळे त्या वळवण्यात डोळ्यांऐवजी कानातले दागिने स्पष्ट उमटण्याचा धोका राहतो. लग्नाचे छायाचित्रण पुन्हा करता येत नसल्याने ६डीला एकच मेमरी कार्ड बसते ही उणीवही गंभीर मानावी लागते. डी६००मध्ये दोन कार्डांची सोय होती.

दिवसा मोकळ्या लॉनवर होणाऱ्या समारंभांत वेगळीच काटकसर आड येते. भर उन्हात संवेदनक्षमता १०० ठेवली आणि लेन्सचे छिद्र एफ/२ इतके मोठे उघडले, तर योग्य प्रकाशासाठी शटर सेकंदाच्या सुमारे ६,४००व्या भागापुरते उघडायला हवे. डी७०० आणि जुन्या ५डीचे शटर ८,०००व्या भागापर्यंत जाई, या दोन्ही नव्या कॅमेऱ्यांचे मात्र ४,०००व्या भागाशीच थांबे. विदर्भातील लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येत असल्याने ही मर्यादा कागदावर राहत नाही. शिवाय फ्लॅशचा प्रकाश पूर्ण चौकटीवर पडेल असा शटरचा कमाल वेग डी७००मध्ये सेकंदाचा २५०वा भाग होता, डी६००मध्ये २००वा आणि ६डीमध्ये १८०वा. त्यामुळे दुपारच्या उन्हात चेहऱ्यावरची काळी सावली फ्लॅशने भरून काढण्याचे काम अवघड झाले.

डी६००चा आणखी एक दोष रचनेतील नव्हे तर घडणीतील होता: सेन्सरवर धुळीचे आणि तेलाचे बारीक डाग साचत असल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, ऑक्टोबर २०१३मध्ये त्याच्या जागी डी६१० आणला गेला आणि पुढच्या वर्षी जुन्या ग्राहकांना मोफत दुरुस्ती देऊ करण्यात आली. असे असूनही उजेड-सावलीचा आवाका पेलण्यात डी६०० सरस होता. धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर ऑक्टोबरच्या उन्हात तळपणारा पांढरा घुमट आणि झाडांच्या सावलीत बसलेली कुटुंबे एकाच चित्रात घ्यायची असतील, तर घुमटाचा तपशील टिकवून सावली नंतर संगणकावर उजळावी लागते; सेन्सरच्या तुलनात्मक चाचण्यांत डी६००चा हा आवाका सुमारे १४ पायऱ्यांचा आढळला, ६डीचा १२ पायऱ्यांचा. पायरी म्हणजे प्रकाशाची दुप्पट, तेव्हा दोन पायऱ्यांचे अंतर चौपटीचे ठरते. ६डीवर उजळलेल्या सावलीत नॉइज लवकर वर येतो.

नागपूरच्या भोवती पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, नागझिरा आणि ताडोबा ही जंगले असल्याने येथील कॅमेऱ्याची परीक्षा व्याघ्रछायाचित्रणातही होते. २०१३मध्ये नागझिऱ्याहून उमरेड-कऱ्हांडल्यात आलेला आणि एप्रिल २०१६नंतर दिसेनासा झालेला 'जय' हा वाघ ज्या वर्षांत कॅमेऱ्यांचे आकर्षण बनला, तीच या कॅमेऱ्यांच्याही भरभराटीची वर्षे होती. जंगलात वाहन रस्ता सोडू शकत नाही, म्हणून जवळ जाण्याचे काम लेन्सनेच करावे लागते, आणि येथे मोठा सेन्सर तोट्यात जातो. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने घेतलेले डी६००चे २४ मेगापिक्सेलचे चित्र लहान सेन्सरएवढे कापले की सुमारे १० मेगापिक्सेल उरतात. २०१३च्या निकॉन डी७१००ने तेवढ्याच दृश्यावर २४ मेगापिक्सेल दिले, तेही १,२०० डॉलरांत. पहाटेच्या अंधुक उजेडात फुल फ्रेमच बरा, हा युक्तिवाद लेन्स पुरेशी लांब असेल तरच टिकतो, कारण चित्र कापले की कडांवर गोळा झालेला प्रकाशही टाकून दिला जातो. त्यामुळे व्याघ्रप्रेमी नवख्याने बचत सेन्सरवर खर्च करण्याऐवजी लेन्सवर करणे अधिक शहाणपणाचे होते.

उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या पाऱ्यात आरशाची जुनी रचना मात्र उपयोगी पडली. तापलेला सेन्सर अधिक नॉइज निर्माण करतो, पण डीएसएलआरमध्ये दृश्य आरशातून दिसत असल्याने चित्र टिपण्याच्या क्षणापर्यंत सेन्सरला काम पडत नाही. बॅटरीही टिकते, आणि प्रमाणित मोजणीनुसार डी६०० एका बॅटरीवर ९००, तर ६डी १,००० हून अधिक चित्रे घेई.

पुढील सुधारणा एकेक करून आल्या. २०१४च्या निकॉन डी७५०ला ५१ फोकसबिंदू मिळाले, २०१७च्या कॅनन ६डी मार्क टूला ४५, परंतु दोन्हींचे शटर ४,०००व्या भागापुढे गेले नाही. ८,०००व्या भागाचे शटर निकॉनच्या या वर्गात जानेवारी २०२०मध्ये डी७८०बरोबर आले. तोवर निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी २०१८मध्येच आरसाविरहित फुल फ्रेम कॅमेरे बाजारात आणले होते, २०१९मध्ये कॅननचा आरपी १,३०० डॉलरांत मिळू लागला होता, आणि चौकटीच्या कडेपर्यंत फोकस धरण्याची मांडवातील जुनी गरज त्या नव्या कॅमेऱ्यांनी सेन्सरवरच भागवली होती.