सिनेटच्या दप्तरातली एक ओळ

डिसेंबर २०१२ मध्ये वॉलमार्टच्या लॉबिंगवरून आपली संसद दणाणली, तेव्हा पुरावा कुणी चोरून आणला नव्हता. तो अमेरिकी सिनेटच्या दप्तरात उघडाच पडलेला होता. लॉबिंग उघड करण्याचा तिथला कायदा १९९५ चा. २००७ च्या दुरुस्तीपासून दर तिमाहीला तक्ता भरावा लागतो: खर्च, विषय, गाठलेली सभागृहे आणि खाती, लॉबिस्टांची नावे. वॉलमार्टच्या तक्त्यांत भारतातील गुंतवणुकीची वाट मोकळी करण्याचा विषय होता, आणि २००८ पासूनचा एकूण खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर.

ही रक्कम अनेक विषयांची मिळून, तीही अमेरिकेतली. त्यावरून भारतात लाच दिली असे ठरत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. पण हे तक्ते लाच शोधण्यासाठी वाचायचेच नसतात. मागणी काय, कुणाकडे, केव्हा, एवढे ते नेमके सांगतात. मग सप्टेंबर २०१२ मधला बहुब्रँड किरकोळ विक्रीतल्या ५१ टक्के परकी गुंतवणुकीचा निर्णय शेजारी ठेवून प्रश्न विचारता येतात. आपल्याकडे असा कायदाच नाही. दाभोळ वीजप्रकल्पाच्या वेळीही भारतीयांना प्रकल्प समजावण्यावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्चल्याचे एन्रॉनने १९९५ मध्ये सांगितले, ते अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे.