मेंढ्याची मुंडी आणि भेजा

नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाच्या रात्री, पुष्कळ यहुदी घरांत मेंढ्याची मुंडी ताटात येते. तिचा भेजा आवडीने खातात. योसेफ कारो यांच्या ‘शूलहान आरूख’ या १५६५ साली व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात याची कारणे दिली आहेत : आम्ही डोके व्हावे, शेपूट नव्हे, आणि इसहाकाऐवजी अर्पण झालेल्या मेंढ्याची आठवण राहावी.

भेज्याचा शौक जुनाच. प्राचीन रोमन पाकग्रंथातही त्याचे पदार्थ आहेत. आपल्या शास्त्राने मात्र बंधन घातले. मेंदूच्या पडद्याला छिद्र असेल तर जनावर त्रेफा, असे मिश्ना सांगते. शिवाय रक्त निघावे म्हणून कवटी फोडून मीठ लावायचे.

१९८६ साली ब्रिटनमध्ये गाईंचा एक नवा रोग ओळखला गेला. त्यात मेंदूलाच छिद्रे पडतात, पण ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. १९८९ साली तेथे गाईबैलांचा भेजा अन्नात वापरण्यास बंदी झाली. पण उशीर झाला होता. १९९६ साली रोग माणसांत आल्याचे जाहीर झाले. त्या देशात एकूण १७८ जण दगावले.

मिठाने रक्त निघते. हा दोष शिजवूनही जात नाही. आज कित्येक घरांत मुंडीच्या जागी माशाचे डोके ठेवतात. डोके बदलले तरी मागणे तेच आहे.