समासातला हुंकार

आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची एकच अट असायची, हुंकार द्यायचा. ‘हूं’ आला नाही की ती थांबायची. कोण झोपलं ते तिला अंधारातही कळायचं. गोष्ट रंगली की हूं लगोलग यायचा. राजा फारच वेळ शिकारीला हिंडत राहिला की तो लांबायचा, मग आजी राजाला गपकन राजवाड्यात आणून सोडायची.

पुढं भूमला वाचनालयात ग्रंथपाल म्हणून एकतीस वर्षं काढली, तेव्हा लक्षात आलं की कागदावरच्या गोष्टीत या हूंला जागाच ठेवलेली नसते. छापखाना तर नंतर आला, त्याआधी पोथीतही नव्हती. एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या तीनशे वर्षांत पाठ बिघडले होते, लोकांनी आपल्या पदरच्या ओव्याही घुसवल्या होत्या. शेवटी नाथांनी बजावून ठेवलं, यापुढं यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी. नाथांचं बरोबरच आहे. पण ज्यानं ओवी घातली त्यालाही ग्रंथ आवडला होता म्हणूनच हात शिवशिवला ना? हे मी कीर्तनकारांसमोर बोलत नाही.

वर्तमानपत्रं आली तेव्हा वाचकाला पत्राची वाट मिळाली. 1848 पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये लोकहितवादींची शतपत्रं आली, ती पत्राच्याच रूपात. 1885 साली ग्रंथकारांच्या सभेला बोलावलं तर जोतीराव फुल्यांनी नकार कळवला, तोही पत्रानंच. त्या एका पत्रात अख्ख्या ग्रंथकार मंडळींचं परीक्षण आहे. हे सगळं मुंबई-पुण्याकडचं. आमच्याकडं मराठवाड्यात निजामाचं राज्य, कचेरीची भाषा उर्दू, आणि गश्ती निशाण 53 हा हुकूम असा की सभा भरवायची तर आधी परवानगी काढा. अशा मुलखात मराठी पुस्तक चारचौघांत वाचणं हेच मत देण्यासारखं होतं. त्याखाली सही कोण करणार?

सही न करण्याची ती सवय 1948 साली निजामाचं राज्य संपल्यावरही गेली नसावी, असा माझा तर्क आहे. वाचनालयात ‘अभिप्राय वही’ होती, सुतळीनं टेबलाला बांधलेली. तिच्यात पाहुण्यांचे शेरे, सगळे एकाच साच्याचे: ‘संस्थेचे कार्य स्तुत्य आहे.’ एकाही वाचकानं तिच्यात पुस्तकाबद्दल अक्षर लिहिलं नाही. लिहायचे ते समासात, पेन्सिलीनं. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे तर हालच. पहिल्या पानावर खुनी कोण ते लिहून ठेवलेलं, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘थापा मारू नये’, आणि त्याखाली तिसऱ्यानं खरं नाव लिहिलेलं. एक आजोबा पुस्तक घेण्याआधी माझ्याकडून पहिलं पान दुमडून घ्यायचे. “नाव दिसू देऊ नका, गुरुजी. नाहीतर रात वाया जाती.”

माझ्या खणात एक पांढरं खोडरबर होतं. संध्याकाळी देवघेव बंद झाली की परत आलेली पुस्तकं चाळायची आणि समास पुसायचे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी लिहिलेली पानं बघून मला सगळ्यांसमोर झापलं होतं, तेव्हापासून जरा जास्तच जोरानं घासायला लागलो.

पेन्सिल पुसता येते, तूप येत नाही. भूम हे खव्याचं गाव. भट्टीवर दूध आटत असताना कढईपाशी बसून वाचणारे आमचे तीन-चार सभासद होते. त्यांनी नेलेलं पुस्तक परत आलं की पानांवर बोटांचे तुपकट ठसे, उजेडाकडं धरलं तर आरपार दिसणारे. जिथं ठसे दाट तिथं कथा पकड घेणारी. पुस्तक मध्येच सोडलं असेल तर पुढची पानं कोरी करकरीत. खवा बोटांवर चोळून पाहणाऱ्या माणसाचा तो कौल होता, आणि मला तो छापील परीक्षणापेक्षा खरा वाटायचा.

दुसरा कौल शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीचा. तिच्यावर शिक्क्यांची रांग. एक चिठ्ठी भरली की तिच्यावर दुसरी चिकटवायची. काही कादंबऱ्यांत पाच-पाच चिठ्ठ्यांचा थर व्हायचा, तर काही पारितोषिकप्राप्त पुस्तकांत एकच शिक्का, तोही माझाच.

असा कौल रीतसर घेण्याचं काम ‘ललित’नं केलं. केशवराव कोठावळ्यांनी 1964 साली हे मासिक काढलं, त्यात ‘चोखंदळ वाचकांची निवड’ असायची. वाचकांनी आवडलेली पुस्तकं कळवायची आणि मासिकानं यादी छापायची. आमच्याकडं अंक यायचा, यादी फळ्यावर लिहायचो. दोन दिवसांत कुणीतरी एका नावापुढं खडूनं फुली मारायचं. ‘चोखंदळ’ हा शब्दच लोकांना झोंबत असावा. निवडणारे चोखंदळ, मग आपण कोण? 1969 साली मुंबईत चिडलेल्या तरुणांनी ‘सत्यकथा’ मासिकाचा अंकच जाळला. आमची फुली त्यापुढं काहीच नाही.

निवृत्तीच्या आधल्या वर्षी जुनी पुस्तकं बांधणीला पाठवली. बाइंडर कडा समान करायला तिन्ही बाजूंनी पातं चालवतो. पुस्तकं परत आली, कोरी, चौकोनी. एक कादंबरी चाळली तर समासात माझ्या खोडरबरातून सुटलेली एक ओळ होती, बाईचं अक्षर, निम्मी पात्यानं नेलेली: ‘ही परत येणार नाही हे मला पहि’. त्याखाली वेगळ्या पेन्सिलीनं, ओळ पूर्ण होती तेव्हा ती वाचून कुणीतरी लिहिलेलं: ‘हूं’.